वरची थाळी

पत्र्यावर ती बसवली त्या दिवशी
मामंजी खालून ओरडले, "सरळ ठेवा की रे, सांडंल!"
तेव्हापासून तिचं नाव थाळी.

त्याआधी मी पाण्याच्या टाकीवर चढायचे.
एका हातात फोन, दुसऱ्यात गंजकी शिडी,
आणि दर खेपेला सीमेपलीकडचा टॉवर
कानडीत माझं स्वागत करायचा.
अक्कलकोट तालुक्यातल्या आमच्या बिराजदार वस्तीवरून
चादरीचं एक डिझाईन सोलापूरला पोचायला
दळण दळून आणण्याएवढा वेळ.
अंबादास येमूल कारखान्यातून विचारायचे,
"ताई, मोर आला, मोराची मान कुठाय?"
मान अजून टाकीवरच असायची,
माझ्यासोबत, उन्हात.

आता मान एका दमात जाते.
म्हणजे, कडुनिंब जाऊ देईल तेव्हा.

फोनच्या पडद्यावर आभाळ दिसतं, गोल, निळं,
उत्तरेच्या कडेला एक लाल डाग:
आमचा कडुनिंब.
महिनाभर मी हे घरात बोलले नाही.
मग एका रात्री मामंजींनीच विचारलं,
"काय बघलालीस गं एवढं?"
दाखवलं.
त्यांनी डागावर बोट ठेवलं. डाग बोटाखाली मावला.
"म्हंजे आभाळातबी बांध हाय म्हण की."

सकाळी कुऱ्हाड घेऊन तेच चढले, पंच्याहत्तरीचे,
आणि खालून मीच ओरडत राहिले:
बास, तेवढी राहू द्या,
तिच्या सावलीत शेळी असते.
अर्धा डाग गेला. अर्धा आहे.

त्या अर्ध्यामुळे अधूनमधून
आठ सेकंद काहीच नसतं.
मोजलेत मी.
वर काहीतरी फांदीमागून जातं
आणि अंबादास येमूल तोंड उघडं ठेवून थांबतात.
शिवलीलाच्या नर्सिंगच्या क्लासात
हृदयाचे तीनच कप्पे येतात,
चौथा फांदीमागून, सावकाश.
आठ सेकंदांत एक भाकरी उलटून होते.
आठ सेकंदांत एकदा मी सिद्रामला,
कतारमध्ये क्रेनवर बसलेल्या माझ्या नवऱ्याला,
असं काही बोलले
जे बोलायचं नव्हतं.
चित्र हललं तेव्हा तो विचारत होता, "काय म्हणालीस?"
"काही नाही. जेवलास का?"

एप्रिलात थाळी तापते.
पारा त्रेचाळीसला टेकला की पडद्यावर अक्षरं येतात:
फार उष्ण, बंद होत आहे.
दोन ते चार. वस्तीसारखीच तीही झोपते.
शिवलीला शिडीवरून तांब्याभर पाणी शिंपडते,
चर्र आवाज होतो,
आणि आम्ही दोघी पत्र्याकडे बघत बसतो,
आजारी माणसाच्या कपाळाकडे बघावं तसं.
लाईट नसली की बॅटरीवर
एकतर थाळी, नाहीतर पंखा.
घाम पुसत किती मोर पाठवलेत मी.
महिन्याचं बिल म्हणजे दोन डिझाईनं,
तिसरं शेंगदाण्याच्या पेंडीचं,
चौथ्यापासून माझी.

रात्री जेवताना मामंजी विचारतात,
"वरच्या थाळीला आज किती वाढलं?"
मी आकडा सांगते. त्यांना कळत नाही, मलाही फारसा नाही.
"पोटभर का?"
"अर्धपोटी."
"मग आपल्यातलीच हाय."

परवा एका टॉवेलच्या काठात, अगदी कोपऱ्यात,
तो डाग मी जसाच्या तसा उतरवला,
चौकडी मोजत, लाल सुतात.
सकाळच्या पाळीआधीच येमूलांचा फोन,
"ताई, कोपऱ्यात फॉल्ट आलाय बघा."
"फॉल्ट नाही तो. तो आमचा..."

येमूल तोंड उघडं ठेवून थांबले.
एक. दोन. तीन.
खाली शेळी मागच्या पायांवर उभी राहून
त्याच फांदीचा पाला ओढत होती.